शार्कच्या टाकीत माणूस : मत्स्यालयातील स्कूबा डायव्हिंग

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यातून समुद्र पाहायचा तर घाट उतरावा लागतो. तरीही उन्हाळ्याच्या सुट्टीत या पट्ट्यातील असंख्य कुटुंबे मालवण-तारकर्लीला जातात, आणि पाठीवर सिलिंडर बांधून काही मिनिटे पाण्याखाली राहून येतात. नोकरीनिमित्त दुबईला किंवा अमेरिकेला गेलेले अभियंते तेथील मोठ्या मत्स्यालयांत शार्कच्या टाकीत उतरल्याची छायाचित्रे घरी पाठवतात. काचेपलीकडे सुळेदार दातांचा मासा आणि त्याच्याजवळून संथपणे पोहणारा माणूस हे दृश्य आता अनोळखी राहिलेले नाही. मात्र त्यामागचे शास्त्र, अभियांत्रिकी, धोके आणि नैतिक प्रश्न यांची एकत्रित माहिती मराठीत सहसा मिळत नाही. ती येथे दिली आहे.

मत्स्यालयांची परंपरा

लोकांसाठी खुले असलेले पहिले मत्स्यालय १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सुरू झाले. त्या काळी टाक्या लहान होत्या आणि त्यांत माणूस उतरण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत फ्लोरिडा येथे १९३८ मध्ये उघडलेल्या मरीनलँड या संस्थेने प्रचंड आकाराच्या टाक्यांत अनेक जातींचे मासे एकत्र ठेवले. शिरस्त्राण घातलेले पाणबुडे तेथे प्रेक्षकांसमोर माशांना हाताने खाऊ घालीत. आजच्या 'शार्कसोबत डायव्हिंग'चे मूळ या प्रयोगात सापडते.

महाराष्ट्रात मत्स्यालय म्हटले की तारापोरवाला हेच नाव ओठांवर येते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील या मत्स्यालयाचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते २७ मे १९५१ रोजी झाले. पारशी दानशूर डी. बी. तारापोरवाला यांच्या देणगीमुळे त्याला त्यांचे नाव मिळाले. समोरच्याच समुद्राचे पाणी वापरता येणे ही त्याची मोठी सोय होती. पुण्या-पिंपरीच्या शाळांच्या मुंबई सहलीत राणीची बाग आणि तारापोरवाला ही दोन ठिकाणे जणू ठरलेली असत. नूतनीकरणानंतर मार्च २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले तेव्हा बारा फूट लांबीचा पारदर्शक बोगदा हे त्याचे मुख्य आकर्षण ठरले. पुढे २०२० च्या टाळेबंदीत ते बंद झाले, आणि जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रश्न समोर आला.

समुद्रापासून दूर असलेल्या शहरातही असे मत्स्यालय उभे राहू शकते, याचे जवळचे उदाहरण अहमदाबादचे आहे. तेथील सायन्स सिटीतील जलचर दालन १६ जुलै २०२१ रोजी खुले झाले. त्यात ६८ टाक्या, १८८ जातींचे जलचर आणि २८ मीटर लांबीचा बोगदा असून डोक्यावरून शार्क जाताना पाहता येतात.

स्कूबा म्हणजे काय

पाण्याखाली श्वास घेण्याच्या स्वयंपूर्ण साधनाला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'स्कूबा' हे नाव पडले. वरून नळीने हवा न घेता पाणबुड्या स्वतःची हवा स्वतःबरोबर नेतो, हे त्याचे वैशिष्ट्य. फ्रान्समध्ये १९४३ मध्ये जॅक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी मागणीनुसार हवा देणारा झडपयुक्त रेग्युलेटर सिद्ध केला, आणि सामान्य माणसाला पाण्याखालचे जग खुले झाले.

सिलिंडरमध्ये प्राणवायू भरलेला असतो, हा सर्वत्र आढळणारा गैरसमज आहे. त्यात साधी, गाळलेली, कोरडी हवाच दाबून भरलेली असते. बारा लिटर क्षमतेच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. एवढ्या हवेचे वजनच जवळजवळ तीन किलो भरते. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा वापरतो असे धरले, तर सहा मीटर खोलीवर तोच वापर ३२ लिटरवर जातो. पन्नास बार हवा राखीव ठेवण्याचा दंडक पाळला, तर एका सिलिंडरवर पाऊण तास ते पंचावन्न मिनिटे सुखाने काढता येतात. घाबरलेला माणूस मात्र हीच हवा निम्म्या वेळात संपवतो.

रेग्युलेटर सिलिंडरमधील प्रचंड दाब दोन टप्प्यांत कमी करून सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतका करतो आणि श्वास ओढताच तेवढीच हवा तोंडात सोडतो. अंगातील फुगवता येणारे जाकीट तरंगण्यावर नियंत्रण ठेवते. कमरेचा शिशाचा पट्टा शरीराला खाली नेण्यास मदत करतो. दाबमापक, खोलीमापक, मास्क आणि पायांतील फिन यांनी हा संच पूर्ण होतो. मास्कच्या सपाट काचेतून पाण्यातील वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि सुमारे एक चतुर्थांशाने जवळ भासतात. म्हणूनच पहिल्यांदा उतरणाऱ्याला टाकीतला प्रत्येक शार्क प्रत्यक्षापेक्षा थोराड वाटतो.

औद्योगिक पट्ट्यातील वाचकाला दाबाखालच्या हवेची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. जवळजवळ प्रत्येक कारखान्यात कॉम्प्रेसर असतो. परंतु कारखान्यातील हवा साधारण सहा ते आठ बार दाबाची असते आणि तिच्यात तेलाचे कण असले तरी हत्यारे चालतात. डायव्हिंगचा कॉम्प्रेसर २०० ते ३०० बारपर्यंत दाब देतो आणि त्याची हवा थेट फुप्फुसात जाते. हवा ओढणारे तोंड वाहनाच्या धुराजवळ असले, तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड शिरतो. पृष्ठभागावर किरकोळ वाटणारे त्याचे प्रमाण खोलीवर दाबाबरोबर घातक ठरू शकते. उच्च दाबाच्या सिलिंडरची ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाने चाचणी करणे बंधनकारक असते. देशातील वायू-सिलिंडरविषयक नियमांची अंमलबजावणी करणारी पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना नागपूर येथून काम पाहते. सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीख पाहणे हा प्रत्येक ग्राहकाचा हक्क आहे, आणि तो बजावणारे फार थोडे असतात.

दाबाचे गणित

समुद्रात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. बॉइलच्या नियमानुसार दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. खाली जाताना कानाच्या पडद्यावर ताण येतो तो यामुळेच. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कानातील दाब समतोल होतो. सर्दी झालेल्या व्यक्तीला हे जमत नाही, म्हणून सर्दीत पाण्याखाली उतरू नये.

वर येताना धोका उलट दिशेचा असतो. फुप्फुसात भरलेली हवा प्रसरण पावते. श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसाच्या पेशी फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. पूर्ण श्वास भरलेला असेल, तर अवघ्या सव्वा मीटर उंचीच्या फरकानेही अशी इजा होऊ शकते. 'टाकी फक्त पाच-सहा मीटर खोल आहे, त्यात काय होणार' हा समज त्यामुळे धोक्याचा आहे. श्वास कधीही रोखू नये, हा स्कूबाचा पहिला आणि शेवटचा नियम.

दुसरा विकार नायट्रोजनचा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन माणूस घाईने वर आल्यास सोड्याच्या बाटलीतील फेसाप्रमाणे बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सांधेदुखी, बधिरता, चक्कर आणि गंभीर प्रकरणी पक्षाघात ही त्याची लक्षणे. मत्स्यालयाच्या उथळ टाकीत हा धोका कमी असतो. प्रचलित कोष्टकांनुसार समुद्रसपाटीवर दहा मीटर खोलीत एकाच डुबकीत सुमारे साडेतीन तास राहिले, तरी थांबे न घेता वर येता येते. मात्र रोज वारंवार उतरणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रत्येक डुबकीची नोंद ठेवावीच लागते. या विकारावर उच्चदाब कक्षात उपचार करावे लागतात. नौदलाच्या मुंबईतील अश्विनी रुग्णालयाच्या परिसरात नौदलाची सागरी वैद्यकशास्त्राची संस्था या विषयात काम करते.

टाकीची अभियांत्रिकी

सहा मीटर खोल खाऱ्या पाण्याचा एका उभ्या भिंतीवर प्रत्येक मीटर रुंदीमागे सुमारे १८ टन भार पडतो. हा भार पेलून आरपार दिसण्याची सोय काचेपेक्षा ॲक्रिलिक चांगल्या रीतीने करते. ॲक्रिलिकचे जाड थर एकमेकांना सांधून अखंड खिडकी बनवता येते आणि पाण्यातून ॲक्रिलिकमध्ये जाताना प्रकाश कमी वळतो. जपानमधील ओकिनावा चुराउमी मत्स्यालय २००२ मध्ये खुले झाले. तेथील मुख्य टाकीत ७,५०० घनमीटर पाणी असून तिची खिडकी सुमारे साठ सेंटिमीटर जाड आहे. दुबईतील मोठ्या व्यापारी संकुलात २००८ मध्ये खुल्या झालेल्या मत्स्यालयात सुमारे एक कोटी लिटर पाणी आहे. अमेरिकेतील अटलांटा येथील जॉर्जिया मत्स्यालय नोव्हेंबर २००५ मध्ये उघडले. त्याची सर्वांत मोठी टाकी सुमारे २ कोटी ४० लाख लिटरची आहे. दुबई आणि अटलांटा या दोन्ही ठिकाणी पर्यटकांना देखरेखीखाली टाकीत उतरण्याची योजना राबवली गेली आहे.

या बांधकामात चुकीला जागा नसते. बर्लिनमधील एका हॉटेलच्या दालनात उभारलेली ॲक्वाडोम ही दंडगोलाकार टाकी १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे अचानक फुटली. दहा लाख लिटर पाणी रस्त्यावर आले, टाकीतील सुमारे दीड हजार माशांपैकी बहुतेक सर्व मेले आणि दोन व्यक्ती जखमी झाल्या. पहाटेऐवजी दुपारी हे घडले असते तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

टाकीपेक्षा अवघड काम तिच्यातील पाणी जिवंत ठेवण्याचे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषारी असतो. वाळूच्या गाळण्या घन कचरा अडवतात. फेसयंत्रे विरघळलेले सेंद्रिय पदार्थ फेसावाटे काढून टाकतात. जैविक गाळणीतील सूक्ष्मजीव अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ओझोनने पाणी निर्जंतुक व स्वच्छ केले जाते. उष्ण कटिबंधातील शार्कसाठी पाणी साधारण २४ ते २६ अंश सेल्सियस राखावे लागते. खारे पाणी लोखंड खाऊन टाकते, म्हणून शीतकरणाच्या उष्णता-विनिमयकात टायटॅनियम वापरले जाते. पंप काही तास बंद पडले तर पाण्यातील प्राणवायू घटू लागतो. वीजपुरवठ्याची पर्यायी व्यवस्था त्यामुळे अपरिहार्य ठरते.

टाकीतला शार्क

शार्क आपल्याला अगदीच परका नाही. कोकणात त्याला मुशी किंवा मोरी म्हणतात आणि मालवणी खानावळीत मोरीचे मटण चवीने खाल्ले जाते. पिंपरीच्या मासळी बाजारातही लहान मुशी दिसते. जगात दरवर्षी शार्कने माणसावर विनाकारण केलेल्या हल्ल्यांच्या नोंदी साठ-सत्तरच्या आसपास असतात आणि त्यांतील मृत्यू सहसा दहाच्या आत राहतात. उलट माणसाच्या जाळ्यात सापडणाऱ्या शार्कची संख्या कोट्यवधींत मोजावी लागते. महासागरातील शार्क व पाकट यांची संख्या १९७० पासून सुमारे ७१ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मत्स्यालयात बहुधा काही ठरावीक जाती ठेवल्या जातात. सँड टायगर शार्क हा त्यांतील सर्वांत भयंकर दिसणारा. त्याचे दात तोंड मिटल्यावरही बाहेर दिसतात, पण स्वभावाने तो संथ असतो. पृष्ठभागावर येऊन तो हवा गिळतो आणि जठरात साठवून पाण्यात स्थिर तरंगतो. काळ्या टोकांचे पर असलेला ब्लॅकटिप रीफ शार्क, तळाशी पडून राहणारा नर्स शार्क, ठिपकेदार झेब्रा शार्क आणि लहानसा बांबू शार्क हे इतर रहिवासी. नर्स शार्क तळाशी स्वस्थ पडून कल्ल्यांवर पाणी ओढून घेऊ शकतो. अनेक खुल्या समुद्रातील शार्कना मात्र श्वासासाठी सतत पोहत राहावे लागते आणि ते बंदिस्त जागेत टिकत नाहीत. ग्रेट व्हाइट शार्क जवळजवळ कुठल्याच मत्स्यालयात दिसत नाही तो या कारणाने. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालयात २००४-०५ मध्ये एक पिल्लू १९८ दिवस राहिले आणि नंतर त्याला समुद्रात सोडण्यात आले. ओकिनावात जानेवारी २०१६ मध्ये ठेवलेला एक ग्रेट व्हाइट मात्र तीन दिवसांत मेला.

शार्कच्या तोंडाभोवती बारीक छिद्रे असतात. त्यांतील संवेदकांमुळे त्याला इतर प्राण्यांच्या स्नायूंतील अतिसूक्ष्म विद्युतलहरी जाणवतात. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदन-रेषेमुळे पाण्यातील हालचाल कळते. टाकीत एखाद्या पंपातून वीजगळती होत असेल, तर माणसाच्या आधी शार्कला तिचा त्रास होतो. उतरणाऱ्याने हातपाय झाडू नयेत, चमकणारे दागिने काढून ठेवावेत आणि हात छातीशी धरावेत, हे नियम या ज्ञानेंद्रियांचा विचार करूनच केलेले आहेत.

शार्क टाकीतल्या इतर माशांना खात का नाही, हा लहान मुलांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर आहारशिस्तीत आहे. प्रत्येक शार्कला ठरावीक वेळी, ठरावीक जागी, लांब काठीच्या टोकाने मोजून खाद्य दिले जाते. ठरावीक आकाराची पाटी दिसली की अन्न मिळते, हे तो शिकतो. कोणी किती खाल्ले याची नोंद होते आणि एखाद्याने दोन-तीन वेळा अन्न नाकारले की ते आजाराचे लक्षण मानले जाते. पोट भरलेला शार्क सहसा शिकार करीत नाही. तरीही अधूनमधून टाकीतला एखादा मासा नाहीसा होतोच.

पाणबुड्याचा दिवस

प्रेक्षकांना दिसणारी सलामी आणि माशांशी खेळ हा मत्स्यालयातील पाणबुड्याच्या कामाचा लहानसा भाग. त्याचा बहुतेक वेळ ॲक्रिलिकवरचे शेवाळ पुसण्यात, तळावरचा गाळ ओढून काढण्यात, कृत्रिम प्रवाळ घासण्यात आणि गळालेले शार्कचे दात वेचण्यात जातो. ॲक्रिलिकवर ओरखडा पडू नये म्हणून मऊ पुसणी वापरावी लागते. शार्क असलेल्या टाकीत तो एकटा उतरत नाही. एक जण काम करतो, दुसरा काठी घेऊन शार्कवर लक्ष ठेवतो आणि तिसरा काठावर सज्ज असतो. काठी मारण्यासाठी नसते. जवळ येणाऱ्या शार्कची वाट हळूच बदलावी एवढ्यासाठीच ती असते.

पाण्याखाली बोलता येत नाही, तेथे खुणांची भाषा चालते. अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ म्हणजे 'सर्व ठीक'. अंगठा वर म्हणजे 'आता वर चला'. जमिनीवरच्या सवयीने आनंदाने अंगठा दाखवणाऱ्या पर्यटकाला प्रशिक्षक लगेच वर घेऊन जातो, असे प्रसंग वारंवार घडतात.

उतरण्यापूर्वी

दमा, अपस्मार, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पाण्याखाली उतरू नये. गर्भवती महिलांनी उतरूच नये. आदल्या रात्रीचे मद्यपान आणि अपुरी झोप हीही वर्ज्य. आरोग्यविषयक प्रश्नावलीत माहिती लपवणे म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळणे होय. जगभर मान्यता असलेल्या पाडी या संस्थेच्या नियमांनुसार प्राथमिक अनुभव-डुबकीसाठी किमान वय दहा वर्षे आहे आणि खोलीची मर्यादा १२ मीटर आहे. प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या प्रौढाला १८ मीटरपर्यंत जाता येते.

पर्यटकाने प्रशिक्षकाला काही साधे प्रश्न विचारायला संकोचू नये. एका प्रशिक्षकामागे किती जण आहेत, प्राणवायूचा आपत्कालीन संच कुठे आहे, सिलिंडरची चाचणी कधी झाली, जवळचा उच्चदाब कक्ष कोणता? उत्तर टाळले गेले, तर पैसे सोडून परत फिरणे शहाणपणाचे.

महाराष्ट्रात या शिक्षणासाठी सोयीचे ठिकाण तारकर्ली आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तेथे स्कूबा व जलक्रीडा प्रशिक्षण संस्था उभारली आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. तेथे प्रवाळ आणि रंगीबेरंगी मासे खुल्या समुद्रात पाहता येतात. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीजवळच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्पही राज्याने हाती घेतला आहे. खुल्या समुद्राचे धोके मात्र टाकीपेक्षा वेगळे असतात. तारकर्ली येथे २४ मे २०२२ रोजी स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखाली सुखरूप राहिलेले पर्यटक किनाऱ्याजवळ येताना संकटात सापडले. जीवरक्षक जाकिटे आणि बोटीची क्षमता यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही, हा त्या घटनेचा धडा आहे.

घाटमाथ्यावरच्यांसाठी

कोकणात डायव्हिंग करून त्याच दिवशी गाडीने पिंपरी-चिंचवडला परतणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. उंची वाढली की हवेचा दाब घटतो आणि शरीरात उरलेला नायट्रोजन पुन्हा बुडबुडे धरू शकतो. विमानप्रवासाबाबतचे प्रचलित मार्गदर्शन असे, की एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास थांबावे. हे मार्गदर्शन ६०० मीटरपासून पुढच्या उंचीला लागू धरले जाते. आंबोलीचा माथा सुमारे ६९० मीटर उंच आहे. म्हणजे मालवणहून आंबोलीमार्गे परतणारी मोटार या मर्यादेच्या वर जाते. उथळ पाण्यातील एका छोट्या अनुभव-डुबकीनंतर धोका अल्प असतो. दोन-तीन दिवस खोल डुबक्या मारणाऱ्याने मात्र शेवटचा दिवस कोरडा ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढावा.

पिंपरी-चिंचवड स्वतः समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. येथे हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो. साधारण तीनशे मीटरच्या वर 'उंचीवरील डायव्हिंग'चे नियम लावले जातात. त्यामुळे येथे खोल टाकी उभारली, तर तेथील पाणबुड्यांना समुद्रकाठची कोष्टके जशीच्या तशी वापरता येणार नाहीत.

कायदा आणि प्राण्यांचे हित

शार्कच्या टाकीचा आनंद घेताना त्या शार्कचे काय, हा प्रश्न टाळता येत नाही. सँड टायगर शार्कचे बंदिवासात प्रजनन क्वचितच यशस्वी होते, म्हणजे टाकीतले बहुतेक शार्क समुद्रातून पकडलेले असतात. ही जात आज अतिसंकटग्रस्त मानली जाते. लहान टाकीत एकाच दिशेने फिरत राहणाऱ्या काही सँड टायगर शार्कच्या पाठीचा कणा वाकल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. पाण्यात नायट्रेट साचले आणि आयोडीन कमी पडले की शार्कना गलगंडासारखा विकार होतो. माशांच्या रोगांवर वापरले जाणारे तांब्याचे क्षार इतर मासे सहन करतात, शार्कना ते अपायकारक ठरतात. जॉर्जिया मत्स्यालयात २००७ मध्ये दोन व्हेल शार्क दगावले तेव्हा एवढा प्रचंड मासा टाकीत ठेवावा का, यावर जगभर वाद झाला.

भारतात व्हेल शार्कला २००१ च्या मे महिन्यात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वच शार्क व पाकटांवर संरक्षण लागू झाले, परंतु मच्छीमारांच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहिल्याने डिसेंबरमध्ये ते दहा जातींपुरते मर्यादित करण्यात आले. केवळ पर कापून उरलेला शार्क समुद्रात फेकण्याची प्रथा रोखण्यासाठी २०१३ मध्ये परांसह अखंड शार्कच किनाऱ्यावर आणण्याचे धोरण आले. २०१५ मध्ये परांच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली. कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षित जातींची यादी आणखी वाढली. कोणता मासा कुठून आणला, याचे उत्तर मत्स्यालयाने कागदोपत्री देणे म्हणूनच गरजेचे आहे.

मत्स्यालयांच्या बाजूनेही सबळ मुद्दे आहेत. समुद्र कधीही न पाहिलेल्या मुलाला शार्क 'राक्षस' नसून एक प्राणी आहे हे तेथे कळते. शार्कच्या आहाराविषयी, रोगांविषयी आणि जन्मप्रक्रियेविषयी मिळालेली बरीच माहिती टाकीतील निरीक्षणांतून आली आहे. बांबू शार्कसारख्या लहान जातींचे बंदिवासात प्रजनन सहज होते, आणि त्या ठेवल्यास समुद्रावर भार पडत नाही. मोठ्या, भीतिदायक प्राण्याची हौस आवरली, तर प्रदर्शन आणि प्राण्यांचे हित यांचा मेळ बसू शकतो.

येथे झाले तर

पिंपरी-चिंचवडमध्ये संभाजीनगरचे बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय आहे आणि २०१३ पासून सायन्स पार्कही आहे. अशा शहरात समुद्री मत्स्यालयाची कल्पना कुणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचा हिशेब आधी मांडलेला बरा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दहा लाख लिटरची मध्यम टाकी भरायची तर सुमारे ३५ टन क्षार लागतील. नळाच्या पाण्यातील क्लोरिन आधी पूर्णपणे काढावे लागेल. पवना धरणावर अवलंबून असलेल्या या शहरात नोव्हेंबर २०१९ मध्ये एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. येथील टाकीचे पाणी वारंवार बदलणे नागरिकांना रुचणार नाही. जवळजवळ सर्व पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणारी यंत्रणा अनिवार्य ठरेल. एप्रिल-मेमधील चाळीस अंशांजवळचा उन्हाळा आणि डिसेंबर-जानेवारीतील थंडी यांत पाण्याचे तापमान एकसारखे ठेवण्यासाठी वर्षभर वीज जळेल.

सुरक्षेची शिस्त हा याहून मोठा खर्च. कासारवाडी येथील महापालिकेच्या जलतरण तलावावर ऑक्टोबर २०२३ मध्ये क्लोरिन वायूची गळती होऊन अनेकांना त्रास झाला होता. साध्या जलतरण तलावाला जी दक्षता लागते, तिच्या कितीतरी पट दक्षता ओझोन, उच्चदाबाची हवा, खाऱ्या पाण्यातील वीज आणि मोठे जलचर एकत्र असलेल्या ठिकाणी लागेल.

पंप, झडपा, कॉम्प्रेसर, नियंत्रण यंत्रणा आणि त्या चालवणारे कुशल हात यांची मात्र या पट्ट्यात वाण नाही. समुद्र घाटाखाली असला तरी तो सांभाळण्याचे तंत्र येथील कारखान्यांना परके वाटणार नाही. पाणी, वीज, देखभाल आणि प्राण्यांचे हित या चारही खात्यांची तरतूद दरवर्षी, न चुकता करण्याची तयारी असेल, तरच अशा टाकीचा विचार करावा. उद्घाटनाच्या दिवशी टाकीत सोडलेला शार्क पुढे पंधरा-वीस वर्षे जगू शकतो, आणि तेवढी वर्षे त्याचे पंप एक दिवसही बंद ठेवता येत नाहीत.